चार कॉइल

येवद्याच्या स्टँडसमोर माझं दुकान.
जळक्या वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं,
आणि भिंतीला टेकलेल्या मोटारी,
पोट उघडं टाकून नंबरची वाट बघणाऱ्या.
तिथं दुपारी समीक्षा आली, बहिणीची पोरगी,
नागपूरच्या कॉलेजातून,
हातात डोळ्यांच्या औषधाएवढी काचेची कुपी.

'मामा, चार कॉइल पायजेत. सारख्या.
एका आट्याचा फरक नको.'
कोणत्या मोटारीच्या?
'मोटार नाही,' म्हणाली. 'थेंब.'

कुपीत तपकिरी पाणी,
चहाची गाळणी विसळल्यासारखं.
त्यात मणी आहेत म्हणे, पोटात लोखंड असलेले,
केसाच्या जाडीत पन्नास ओळीनं बसतील असे.
मी चष्मा पुसला. उपयोग झाला नाही.

बत्तीस नंबरची तार, तीनशे आटे.
मी मोजत गेलो, ती ओठ हलवत मोजत गेली.
खिशात तिचा फोन दोनदा वाजला,
एकदा अकोटहून, घरून,
एकदा नागपूरहून, सरांचा.
दोनशे अकराला गिरणीवाला काळमेघ दारात,
'माही मोटर?'
मी नुसता हात वर केला.
इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला असं गप्प केलं नव्हतं.

शाळेतून सूक्ष्मदर्शक आणला, आरशाचा.
रंगारी सरांनी सही घेतली, वर म्हणाले,
काच फुटली तर पगारातून.
कोणाच्या, ते सांगितलं नाही.

पहिला थेंब वाया गेला.
तिनं आमच्या विहिरीचं पाणी घातलं,
आणि खारपाणपट्टा तो खारपाणपट्टा.
मणी एकमेकांना चिकटून बसले,
लग्नातले पाहुणे एकाच झाडाच्या सावलीत बसतात तसे.
मग मी फळीवरचं बॅटरीचं पाणी काढून दिलं.
त्यात ते सुटे राहिले, आणि थरथरत राहिले.
वारा नाही, धक्का नाही.
'कोन हलवते त्याईले?'
'पाणीच,' ती म्हणाली. 'पाणी कधी रिकामं बसते का?'

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून
समोरासमोरच्या दोघींना सारखा करंट दिला.
मण्यांच्या माळा झाल्या, एका दिशेला वळल्या,
आणि तिथंच थांबल्या.
'ओढ हाय ना? मंग जात काऊन नाहीत?'
ती बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती.
'दोन्हीकडून सारखी ओढ असली, मामा,
तर नुसतं तोंड वळते.
जायले एक बाजू जास्त लागते.'

एका कॉइलचा करंट तिनं कमी केला.
माळ निघाली.
तिनं बटण सोडलं, माळ जागच्या जागी थांबली.
हे मला झेपलं नाही.
माझ्या मोटारी लाइट गेल्यावरही
जुन्या वेगाचे चार फेरे मारतात, मग मरतात.
'इतक्या लहान्यासाठी पाणी म्हणजे काकवी,' ती म्हणाली,
'मागचा वेग त्याच्याजवळ उरतच नाही.'

एक दिवस औषध असंच नसेतून न्यायचं म्हणे,
जिथं दुखतं तिथंवर.
'आज कुठवर गेलं?'
'अर्धा मिलिमीटर.'
मी सांगितलं, ढोरांच्या डॉक्टरनं आमच्या कपिलीला
आख्खं लोहचुंबक गिळायला लावलं होतं,
चाऱ्यातले खिळे पोटात एका जागी धरून ठेवायला.
अकरा वर्षं ती ते घेऊन चरली.
दिवसभरात समीक्षा तेव्हा पहिल्यांदा हसली.

संध्याकाळच्या अमरावती गाडीनं ती गेली.
कॉइल वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, पैसे घेतले नाहीत.
खिडकीतून तिनं काहीतरी सांगितलं,
गाडीच्या आवाजात गेलं.

दुकानात काचपट्टी राहिली होती,
वर वाळलेला तपकिरी गोल.
जुन्या स्पीकरचं चुंबक खालून फिरवून पाहिलं.
काही नाही.
काळमेघची मोटर उघडी पडली होती, त्याचा पोरगा येऊन बसला होता.
मी फळीवरची बाटली घेतली
आणि त्या डागावर
बॅटरीच्या पाण्याचा एक थेंब सोडला.